‘वजन कमी करा’ – एवढ्यावर कंबरदुखी थांबते का?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या बचत गटांच्या व महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या आरोग्य शिबिरातील भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

सुरुवातीलाच एक विनंती करते. गेल्या वर्षभरात जिची कंबर सलग आठवडाभर तरी दुखली असेल, तिने हात वर करावा. बघा, वर न झालेले हात मोजणं सोपं आहे! आता ज्यांनी या दुखण्यासाठी एकदा तरी डॉक्टर गाठला, त्यांनीच हात वर ठेवा. निम्मे खाली आले. आणि ज्यांना डॉक्टरने आडवं झोपवून, पाठीला हात लावून, पाय उचलायला लावून तपासलं, त्यांचेच हात राहू द्या. तीन. एवढ्या भरल्या मांडवात तीन हात.

आजचा विषय मला ‘लठ्ठपणा आणि कंबरदुखी’ असा दिला आहे. मी डॉक्टर नाही. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली दहा-बारा वर्षं या जिल्ह्यातल्या गावांत बायकांबरोबर काम करते आहे. म्हणून मी या विषयाकडे दोन बाजूंनी बघणार आहे. शास्त्र काय सांगतं ते तर सांगेनच. पण ते शास्त्र दवाखान्यातून आपल्यापर्यंत येताना त्याचं काय होतं, हेही सांगणार आहे.

कळंब तालुक्यातल्या एका गावात मला दोन जावा भेटल्या. घर एक, चूल एक, वावर एक. थोरली अंगाने भरलेली, धाकटी अगदी काडीसारखी. दोघींच्या कमरा दुखायच्या. एका बाजाराच्या दिवशी दोघी मिळून एकाच दवाखान्यात गेल्या. थोरलीला सांगितलं, ‘वजन कमी करा.’ धाकटीला सांगितलं, ‘वजन वाढवा, अशक्तपणा आहे,’ आणि एक सलाईन लावली. धाकटी मोठी हजरजबाबी. ती म्हणाली, ‘मंग डाक्टरसाहेब, हिचं थोडं मले द्या, म्हंजे दोघीच्याही कमरा बऱ्या होतीन.’

आपण हसलो. पण तिने किती नेमका प्रश्न विचारला ते बघा. दोन बायका रोज तेच काम करतात, दोघींचं तेच दुखतं, आणि दोघींना उलट उलटी कारणं सांगितली जातात. दोघींच्या कामाबद्दल मात्र एक शब्द कुणी विचारत नाही.

वजनाचा संबंध आहे, नाही असं नाही

आधी हे स्पष्ट करते, की वजन आणि कंबरदुखी यांचा संबंध खरा आहे. आपल्या बाजूचं बोलायचं म्हणून तो नाकारायचा, हे मला पटत नाही.

आपल्या कमरेत पाच मणके असतात. दर दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. वरचा सगळा भार या मणक्यांवर, गाद्यांवर आणि पाठीच्या-पोटाच्या स्नायूंवर येतो. पाण्याचा हंडा छातीशी धरला तर पेलवतो. तोच हात लांब करून पुढे धरला तर दोन मिनिटांत कंबर बोलायला लागते. पोट सुटतं तेव्हा असंच होतं. भार पुढे जातो, तो सावरायला पाठीचे स्नायू मागून सारखे ओढून धरावे लागतात, कमरेचा बाक वाढतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आपण सगळ्यांनी हे अनुभवलेलं आहे. शिवाय चरबी ही नुसती पडून राहिलेली पिशवी नसते. तिच्यातून अशी काही द्रव्यं रक्तात येतात, की शरीरातली दाहाची, म्हणजे सूज आणणारी क्रिया वाढते. त्यामुळेही दुखणं वाढू शकतं.

२०१० साली फिनलंडमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतले ३३ अभ्यास एकत्र तपासले. वजन फार जास्त असलेल्या लोकांमध्ये वर्षभरात कंबर दुखण्याचं प्रमाण जास्त आहे, असं त्यांना दिसलं. किती जास्त? समजण्यासाठी एक हिशेब मांडते. शंभर बारीक माणसांत तीस जणांची कंबर दुखत असेल, तर त्या प्रमाणात शंभर लठ्ठ माणसांत साधारण छत्तीस जणांची दुखेल. जुनाट, महिनोन्महिने चालणाऱ्या दुखण्याशी आणि दवाखान्यात जावं लागण्याशी लठ्ठपणाचा संबंध आणखी जास्त आढळला.

आता या हिशेबाच्या दोन्ही बाजू बघा. छत्तीस हे तीसपेक्षा जास्त आहेत, म्हणून वजनाकडे लक्ष द्यायला हवं. पण बारीक असूनही ज्यांची कंबर दुखते, ते तीस आहेतच की! आणि त्या छत्तीस जाड माणसांपैकी पुष्कळांची कंबर, ती बारीक असती तरीही दुखलीच असती. म्हणजे वजन हे अनेक कारणांतलं एक कारण आहे. दार उघडून बाई आत आली, की तिच्या अंगाकडे बघून निदान करावं, इतकं मोठं कारण ते नक्कीच नाही.

आणखी एक गोष्ट. दुखतं म्हणून बाई हालचाल कमी करते, हालचाल कमी झाली की वजन वाढतं, वजन वाढलं की आणखी दुखतं. हे चक्र आहे. त्यात आधी काय आलं हे कुणी विचारत नाही. दोष मात्र बाईच्या ताटाला दिला जातो.

कोणकोणतं वजन?

मैत्रिणींनो, डॉक्टर काट्यावर उभं करून अंगावरचं वजन मोजतात. पण आपण दिवसभर जे वजन वाहतो, ते कोणत्या काट्यावर येतं?

पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो. विहिरीच्या चार खेपा म्हणजे साठ किलो, आणि ते फक्त सकाळचं. आपला जिल्हा कापसाचा. दिवाळीपासून वेचणी सुरू होते. कमरेला फडकं बांधून त्याची ओटी करायची, पराटीच्या ओळीतून वाकत जायचं, ओटी भरत जाईल तशी ती पुढून कमरेला ओढत जाते. म्हणजे ज्या बाईला पोट नाही, तिलाही आपण रोज सहा-सात तास एक पोट बांधून देतो! मजुरी किलोवर असते, म्हणून ती मध्ये उठून पाठ ताणत नाही. संध्याकाळी तोच कापूस गाठोड्यात बांधून डोक्यावर. पावसाळ्यात निंदण. तेव्हा उकिडवं बसून खुरपं चालवत पुढे सरकायचं. फवारणीच्या दिवसांत लांबून पाणी आणून द्यायचं. सोयाबीनच्या सोंगणीत पुन्हा दिवसभर वाकणं. बैलाच्या मागे डवरा धरणारा पुरुष उभा चालतो, आणि त्याच वावरात बाई बसून किंवा वाकून काम करते. ही श्रमांची वाटणी निसर्गाने केलेली नाही. ज्या कामाला अवजार आलं, ते पुरुषाकडे गेलं. जे हाताने करायचं राहिलं, ते आपल्याकडे आलं.

घरी आल्यावर पुन्हा चूल, भांडी, धुणं, शेण-झाडलोट, कडेवर मूल. थोरल्या जावेला मी विचारलं, डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं त्याचं काय केलं? ती म्हणाली, ‘दिवसभर वावरात वाकतो, घरी आलो का चुलीपाशी बसतो. जाडी कवा कमी करू?’

जगभरच्या आकड्यांतही हे दिसतं. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासात जी तीन मोठी कारणं मोजली होती, ती म्हणजे कामाचं स्वरूप, धूम्रपान आणि जास्त वजन. वजन त्या यादीत आहे. पण कामही आहे. आपल्याला सांगताना नेमकं तेवढंच गळतं.

जाड आहे, म्हणजे खाऊन-पिऊन सुखी आहे?

अंगाने भरलेली बाई दिसली, की लोक म्हणतात, ‘घरचं खाणं चांगलं दिसतं.’ नवरा चारचौघांत थट्टा करतो. सासू म्हणते, काम करत नाही म्हणून फुगली. ही थट्टा ऐकून कित्येकजणी दुखतं हे सांगायचंच सोडून देतात.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २३ टक्के बायकांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं, आणि सुमारे २१ टक्के बायकांचं प्रमाणापेक्षा कमी. म्हणजे आपल्या त्या दोन जावा घराघरांत आहेत. पण रक्त किती जणींना कमी? ५४ टक्के बायकांना. जाड बायकांतही रक्त कमी असलेल्या आहेतच.

हे कसं होतं? आपल्या ताटाकडे बघा. पूर्वी आपल्याकडे ज्वारी पिकायची. वावरात सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे पडली. आता रेशनचा तांदूळ, गहू, पामतेल, आणि दिवसातून चार वेळा गोड चहा. बाई सगळ्यांत शेवटी जेवते. तोवर वरणातली डाळ संपलेली असते, भाजीचा रस्सा उरलेला असतो. उरतो तो भात किंवा पोळी. टाकायचं कसं, म्हणून तीच जास्तीची खाते आणि लगेच आडवी होते. पोट भरतं, वजन वाढतं, पण हाडामांसाला लागणारं काही मिळत नाही. अशा बाईला ‘कमी खा’ म्हणणं म्हणजे आधीच अर्धं असलेलं ताट आणखी अर्धं करणं आहे.

माझी चूक

आता मी जे सांगणार आहे, ते सांगताना मला अजून जड जातं. पण कार्यकर्त्यांच्या सभेत आपल्या चुका बोलल्याच पाहिजेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटात चाळिशी ओलांडलेली एक बाई होती. आपण तिला मावशी म्हणू. उंची दीड मीटर, वजन ६८ किलो. कंबर दुखायची. एका खाजगी दवाखान्यात तीनदा गेली. तिन्ही वेळा इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, वजन उतरवा. तेव्हा आम्ही नुकताच गावोगाव वजन-उंची मोजायचा कार्यक्रम हाती घेतला होता. मीही तिला तेच सांगितलं. मावशीने मनावर घेतलं. रात्रीचं जेवण सोडलं, आठवड्यातून दोन उपास धरले. तीन महिन्यांत तिचं नऊ किलो वजन उतरलं. मासिक बैठकीत मी तिला उभं केलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बैठक संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘बाई, वजन त उतरलं, पण दुखणं काहून उतरत नाही?’ रात्री दुखून जाग येते, संध्याकाळी अंगात कसर वाटते, असंही म्हणाली. मी म्हटलं, ‘उपासाने थकवा आला असेल, होईल कमी.’ मी तिला कुठेही पाठवलं नाही. मी तिचं ऐकलंच नाही, कारण माझ्या वहीत तिचं वजन कमी झालेलं होतं आणि मला ते यश वाटत होतं.

आणखी दीड महिन्याने तिच्या पायांतला जोर गेला. खाटेवरून उठता येईना. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, तपासण्या झाल्या, तेव्हा कळलं, की मणक्याचा क्षयरोग आहे. टी. बी. फक्त छातीचा होतो असं आपल्याला वाटतं. तो मणक्यालाही होतो. त्यात कंबर-पाठ दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, घाम येतो, भूक मरते आणि वजन घटतं. मावशीचं सगळंच वजन उपासाने उतरलं नव्हतं. रोगही तिला खात होता, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

तिला वर्षभराहून जास्त औषधं घ्यावी लागली. आज ती चालते, स्वयंपाक करते. पण एक पाय ओढते, आणि वावरातलं काम कायमचं सुटलं. सुरुवातीच्या तीन फेऱ्यांत, किंवा निदान त्या बैठकीच्या दिवशी, कुणी नीट विचारलं असतं तर तिचा पाय वाचला असता, असं मला वाटतं. जाड बाईचं दुखणं तिच्या जाडीवर टाकून मोकळं होणं किती महागात पडतं, हे मी अशी शिकले. किंमत मात्र तिने दिली.

बारीक बाईला दुसरं उत्तर, आणि तेही तितकंच धोक्याचं

जाड बाईला ‘वजन कमी करा’ सांगतात, तसं बाकीच्यांना काय सांगतात? कंबर दुखते आणि अंगावरून पांढरं जातं असं बाईने म्हटलं, की कित्येक ठिकाणी उत्तर तयार असतं, ‘पिशवी काढून टाका.’

आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. ओटीपोटातला जंतुसंसर्ग, अंग बाहेर येणं, यांनीही कंबर दुखते. पण त्यातल्या बहुतेक संसर्गांवर औषधं आहेत. पिशवी काढणं हा कंबरदुखीवरचा उपाय नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी वेळेआधी जाते आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. म्हणजे कंबरेसाठी केलेलं ऑपरेशन पुढे कंबरेवरच उलटू शकतं. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या लागू कराव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली राज्यांना सांगितलं. हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

एक गैरसमजही दूर करते. सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेल्या इंजेक्शनमुळे जन्मभर कंबर दुखते, असं पुष्कळजणी समजतात. इंजेक्शनच्या जागी काही दिवस दुखू शकतं. पण वर्षानुवर्षांचं दुखणं त्यामुळे होतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. बाळंतपणात ढिले पडलेले पोटाचे स्नायू आणि महिन्याभरातच पुन्हा उचललेला हंडा, इकडे आपलं लक्ष जात नाही.

मग करायचं काय?

आधी दुखणं ओळखायचं. बहुतेक कंबरदुखी स्नायू आणि सांध्यांच्या ताणाची असते, आणि काही आठवड्यांत कमी होते. पण काही खुणा दिसल्या, तर घरी थांबायचं नाही. त्या लिहून घ्या. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. ताप, घाम, आपोआप घटणारं वजन. पायात जोर न राहणं किंवा मुंग्या वाढत जाणं. मांड्यांच्या मधल्या जागेचा स्पर्श न कळणं. लघवी-संडास अडणं किंवा कळत नकळत होणं. असं झालं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. पडल्यावर किंवा मार लागल्यावर सुरू झालेलं दुखणं. पूर्वी कर्करोग झालेला असणं. टी. बी. चं निदान झालं, तर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आहारासाठी महिन्याला मदत मिळते, ती नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ऐवजी १००० रुपये झाली आहे.

मार लागल्यावर, असं मी मुद्दाम म्हटलं. ‘न्हाणीत पडले’ असं जी बाई वारंवार सांगते, तिला बाजूला घेऊन विचारा. कमरेवर लाथ बसलेल्या बाईला वजन कमी करायला सांगून आपण पाठवून द्यायचं का?

साधी कंबरदुखी असेल, तर खाटेवर पडून राहू नका. एखाद-दोन दिवस आराम ठीक, पण जमेल तेवढं हिंडत-फिरत राहणं हेच औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती देणं यांवर भर आहे, आणि कंबरेचे पट्टे व ओढ देण्याचे उपचार नेहमीच्या वापरात नकोत, असं म्हटलं आहे. आपल्याकडे मात्र पट्टा आणि सलाईन यांवरच बाईचा पैसा जातो. दुखणं मारणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या, तर पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते.

‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. प्रश्न रास्त आहे. पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टात तेच स्नायू, त्याच बाजूला, तासन्‌तास ताणले जातात. व्यायामात जे स्नायू राहून गेले, त्यांना बळ येतं. रोज पंधरा मिनिटं पुरतात. पाठीवर झोपून गुडघे मोडायचे आणि कंबर हळूहळू उचलायची. गुडघे पोटाशी घ्यायचे. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ वर गोल करायची, मग खाली सोडायची. दहा-दहा वेळा. झटका नको, दुखणं वाढलं तर थांबायचं. आणि चालणं. ऑस्ट्रेलियात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कंबरदुखीतून बऱ्या झालेल्यांना हळूहळू वाढवत चालण्याची सवय लावली. त्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी परतलं. बाकीच्यांचं ११२ दिवसांनी. चालायला पैसे लागत नाहीत. पण बाईने बिनकामाचं चालायला घराची परवानगी लागते! म्हणून गटाने मिळून चाला. दहाजणी निघाल्या, की कुणी नावं ठेवत नाही.

आमच्या एका गावात घरी शिलाईकाम करणारी एक बाई अशीच चालायला लागली. दिवसाचे आठ तास मशीनवर बसणं आणि ७० किलो वजन. व्यायाम, चालणं, तासाला एकदा उठणं आणि चहातली साखर कमी करणं, एवढंच तिने केलं. सहा महिन्यांत पाच किलो उतरले आणि कंबर पुष्कळ बरी झाली. वजनाने बरं वाटलं की चालण्याने, हे तिला सांगता येत नाही. मलाही नाही. पण दोन्ही तिने स्वतःसाठी केलं, कुणाच्या टोमण्यासाठी नाही.

वजन जास्त आहे का, हे स्वतःचं स्वतः काढता येतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. आपल्या लोकांमध्ये २३ च्या वर आकडा गेला, की सावध व्हायचं. उंची दीड मीटर असेल, तर साधारण ५२ किलोला हा आकडा येतो. कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर नको. वजन उतरवायचं तर उपाशी राहून नाही. तेल, साखर, फरसाण, बिस्किटं कमी करा. ज्वारीची भाकरी, डाळ, हरभरा, अंडी, ताक, अंबाडी, तरोटा, चिवळ यांना ताटात जागा द्या. आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसा. हा बदल फुकट आहे, आणि सगळ्यांत अवघडही.

कामातही बदल मागायचे आहेत. ओटी अर्धी भरली की रिकामी करा. तासाला एकदा सगळ्याजणींनी मिळून उभं राहून पाठ ताणा. एकटी थांबली तर मालक बोलतो, सगळ्या थांबल्या तर बोलत नाही. उभ्याने चालवायची लांब दांड्याची कोळपी मिळतात. शेती अवजारांच्या अनुदानात महिला शेतकऱ्यांना जास्त सवलत आहे, पण अर्जाला सातबारा लागतो. सातबारा कुणाच्या नावावर आहे? म्हणजे आपल्या कंबरेचा प्रश्न फिरून जमिनीच्या मालकीपाशी येतो. दारात नळ, ग्रामीण रुग्णालयात व्यायामोपचार शिकवणारी व्यक्ती, आणि बाईला पडद्याआड झोपवून तपासण्याएवढा वेळ, या मागण्या ग्रामसभेत ठेवा. आपण कुणाच्या दयेने मागत नाही, हा आपला हक्क आहे.

डॉक्टरांशी भांडण नाही. रांगेत शंभर रोगी असलेल्या डॉक्टरचीही अडचण मी पाहिली आहे. पण पुढच्या वेळी ‘वजन कमी करा’ असं ऐकलंत, तर उठू नका. तिथेच बसून विचारा, ‘करते. पण आधी तपासता का? मला दुसरं काही नाही ना, हे कशावरून?’ एकटीला धीर होत नसेल, तर गटातली एकजण बरोबर न्या. आमच्याकडे आता हा नियमच केला आहे, आणि मावशीने तो सुचवला. ती स्वतः पाय ओढत बायकांबरोबर दवाखान्यात जाते आणि बाकावर बसून राहते. बाई बाहेर आली, की ती एकच प्रश्न विचारते, ‘हात लावून पाह्यलं का?’

तुम्हीही तुमच्या गावात विचारायला सुरुवात करा. पुढच्या शिबिरात मी पुन्हा हात वर करायला सांगेन. तेव्हा तीनच हात दिसू नयेत.